लोकं बघायलेत

मे महिन्यात नांदेडला सकाळी दहालाच ऊन टाळूत शिरतं. आयटीआय कॉर्नरच्या सिग्नलला स्कूट्या थांबतात, पण त्यांच्यावरची एकही मुलगी ओळखू येत नाही. सुती स्कार्फ आधी कपाळावरून आडवा घ्यायचा, दोन्ही टोकं मागं नेऊन मानेवर आवळायची, मग एक टोक पुढं आणून नाकावरून फिरवायचं आणि कानाच्या मागं खोचून टाकायचं. आरसा लागत नाही, जिना उतरता उतरता काम होतं. वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात पांढरा सनकोट. उघडी राहतात ती फक्त सँडलमधली बोटं. ऊन आहे, धूळ आहे, हे खरंच. पण पावसाळा लागला तरी स्कार्फ सुटत नाही. माझी भाची इथं कॉलेजात शिकते. ती म्हणते, "आत्या, स्कार्फ बांधला की मी कोणाचीच पोरगी नसते." निलंग्याजवळच्या आमच्या गावापासून नांदेडपर्यंत पाहुण्यारावळ्यांचं जाळं असं दाट, की तिनं भाग्यनगरला पाणीपुरी खाल्ली तर ती खोलीवर पोचायच्या आत बातमी तिच्या बापाच्या दुकानात पोचलेली असते. म्हणून ती पुरी तोंडाशी आली की स्कार्फ हनुवटीखाली ओढते, आणि घास आत गेला की पुन्हा वर.

गावाला हे पटत नाही. "तोंड बांधून हिंडायला काय चोरी केली का?" असं पानटपरीवर म्हटलं जातं. त्याच टपरीसमोरून एखादी उघड्या तोंडानं, बिनबाह्यांचा कुर्ता घालून गेली तर तिच्यासाठी दुसरं वाक्य तयार असतं. टपरीवरच्या माणसाला दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

लातूरचा मामला आणखी निराळा. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून दहावी संपली की मराठवाडाभरातल्या पोरापोरींचे लोंढे या शहरात उतरतात. उद्योग भवनच्या बाजूला शिकवण्यांची एक पेठच वसली आहे: क्लास, झेरॉक्स, मेस, अभ्यासिका, चहा, पुन्हा क्लास. नीटचा निकाल लागला की या रस्त्यांवर दोन-दोन मजली फ्लेक्स चढतात. त्यांवर मुलींचे चेहरे असतात, मोकळे, हसरे, आणि खाली मार्क. शहराला त्या चेहऱ्यांचा अभिमान आहे आणि तो काही खोटा नाही. पण त्याच फ्लेक्सखालून संध्याकाळची बॅच सुटते तेव्हा पुढच्या वर्षी फ्लेक्सवर जाणारे चेहरे स्कार्फ आवळून, सॅक पोटाशी धरून, चौघी-पाचजणींचा घोळका करून भराभर चाललेले असतात. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याशी मुलं उभी असतात. ती काही करत नाहीत, नुसती बघतात. कधी एखादं गाणं, कधी गाडीचा हॉर्न, कधी कोणाच्या तरी नावानं हाक.

अकरावी-बारावीला भाची लातूरच्याच एका होस्टेलात होती. जिन्याजवळ नियमांचा लॅमिनेट केलेला कागद होता. मेसमध्ये ओढणीशिवाय यायचं नाही, कारण वाढायला मुलं असतात. हाफ पँट फक्त खोलीत. गच्चीवर आतले कपडे वाळत घालायचे तर वरून टॉवेल टाकायचा. हे सांगताना ती खदाखदा हसते. "आत्या, आमच्या चड्ड्यासुद्धा पदर घेऊन वाळायच्या." मेसमध्ये वाढणाऱ्या मुलांसाठी मात्र कुठलाच कागद लावलेला नव्हता. तिथल्या मुली सकाळी कपाटापुढं उभ्या राहून जो हिशेब करतात तो फिजिक्सच्या पेपरात येत नाही. आज शेवटची बॅच किती वाजता सुटणार, सोबत कोण आहे, येताना रिक्षा मिळेल की चालत यायचं, रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का, त्या अमुक वळणावर कोण बसतं. हे सगळं जुळलं की मग कपडा ठरतो. आवडीचा प्रश्न आलाच तर शेवटी येतो.

तरी बाईनं काय घालावं हे आपण वेळ पाहून ठरवतो असं मला वाटतं, आणि ती वेळ आपल्या सोयीची असते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी आटलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकर रात्री-अपरात्री कधीही यायचा. हॉर्न वाजला की बायका होत्या तशा धावायच्या, म्हणजे गाऊनवर. खांद्यावर ओढणी, नाहीतर हाताला लागेल तो टॉवेल. भर रस्त्यात, दिव्यांच्या उजेडात, शेकडो माणसांसमोर, ओलेत्या गाऊननं त्यांनी घागरी उचलल्या. तेव्हा कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही की हा काय वेश. पाणी घरात यायला हवं होतं ना! पण नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ मध्ये दिवसा गाऊनवर बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरला होता, आणि तो ठरवणारं महिला मंडळ होतं.

"आमच्या वेळी असं नव्हतं" असं म्हणणाऱ्यांनी आमच्या वेळचं नीट आठवून पाहावं. माझी आजी खणाची चोळी घालायची. पुढं गाठ, ना हुक ना बटण. चोळी आणि लुगडं यांच्यामध्ये पोट उघडं. तुरीच्या रानात काम करताना कासोटा असा वर खोचलेला की गुडघ्यापर्यंत पाय दिसायचे. पारावर बसून चारचौघांत लेकराला पाजायची. तिची नात थ्री-फोर्थ घालून दळण आणायला गेली तेव्हा त्याच पोटऱ्या गावाला नव्यानं दिसल्या. आजीचे दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. सासरे समोर आले की तिचा पदर कपाळाच्या खाली यायचा आणि वाड्यासमोरून जाताना चपला हातात. तिच्या पोटऱ्यांना मोकळीक होती कारण त्या राबत होत्या. राबणाऱ्या अंगाकडं बघायला कोणाला सवड नसते, किंवा सवड असली तर त्याची वाच्यता होत नाही.

किनवट, माहूर, कंधार, मुखेड या बाजूला तांडे आहेत. बंजारा बाईचा जुना पेहराव ज्यानं जवळून पाहिलाय त्याला सांगायला नको: घेरदार फेटिया, आरसे, कवड्या, नाणी टाचलेली कांचळी. कांचळीला पाठ नसते, नाड्या असतात. अख्खी पाठ उघडी ठेवून या बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन आठवडी बाजारात यायच्या, भावावरून दुकानदारांशी भांडायच्या. आता तो पेहराव म्हाताऱ्यांच्या अंगावर उरलाय, नाहीतर संमेलनाच्या स्टेजवर. एकदा बसमध्ये शेजारी अशाच एक आजी बसल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीवर लसणाची पिशवी. सुना-नाती हे घालत नाहीत का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई. लोकं बघायलेत." मी म्हटलं, पूर्वी काय बघत नव्हते? "बघायचे की. आता फोननं बघायलेत."

त्यांचं म्हणणं मला बऱ्याच परिसंवादांपेक्षा नेमकं वाटलं.

आणि पूर्ण झाकलेल्यांचं काय? ऊसतोडीला जाणाऱ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, कारण उसाचं पातं हात कापतं. डोक्याला फडकं, त्यावर मोळी. त्यांच्याइतकं झाकलेलं अंग दुसऱ्या कोणाचं नसेल. रात्री त्या ज्या कोपीत झोपतात तिला दार नसतं. देगलूर नाक्याच्या बाजूला बुरख्यातल्या मुली कॉलेजला जातात. त्यांना विचारा, गर्दीत कोपर लागायचं राहतं का. आपल्या देशाची गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी दरवर्षी हेच सांगते की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी तिच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, मालक. ओळखीच्या माणसांत बाई कोणत्या कपड्यांत असते? घरातल्याच.

लातूर जिल्ह्यात लिंगायत घरं पुष्कळ. माझ्या बालपणीच्या मैत्रिणीच्या माजघरात बसवण्णांच्या शेजारी अक्का महादेवीची तसबीर होती. अंगावर वस्त्र नाही, केस पायांपर्यंत सोडलेले, हातात इष्टलिंग. मैत्रिणीची आई तिच्यापुढं उदबत्ती लावायची आणि वळून लेकीला म्हणायची, "ओढणी नीट घे." उमरग्याच्या पुढं हद्द ओलांडली की बसवकल्याण येतं. बाराव्या शतकात अक्का याच कल्याणला चालत आली होती. राजाचं घर सोडलं, त्याच्याबरोबर वस्त्रही सोडलं, अशी कथा. तिथल्या शरणांच्या सभेत, अनुभवमंटपात, अल्लमप्रभूंनी तिला अडवलं आणि विचारलं, वस्त्र टाकलंस तर मग केसांनी अंग का झाकतेस? तिच्या उत्तराचा अर्थ असा सांगतात की हे झाकणं माझ्यासाठी नाही, माझं अंग पाहून तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून आहे. यावर सभा नमली. तिचं उत्तर थोरच आहे, पण मला प्रश्नाचं कौतुक जास्त वाटतं. जगाला समतेची वाट दाखवणाऱ्या त्या सभेतही दाराशी आलेल्या बाईची पहिली परीक्षा वस्त्रावरून झाली. तिथं बसलेल्या एकाही शरणाला त्याच्या धोतराबद्दल विचारल्याचं ऐकिवात नाही. इकडं गंगाखेडच्या जनाबाईच्याही एका अभंगात पदर डोक्यावर राहत नाही आणि तिला त्याची फिकीर नसते. आपण तो अभंग टाळ्या वाजवून ऐकतो.

तुळजापूर आम्हाला जवळचं. मे २०२३ मध्ये तुळजाभवानीच्या मंदिरात फलक लागले की अंगप्रदर्शन करणाऱ्या, असभ्य कपड्यांत येणाऱ्यांना प्रवेश नाही. हाफ पँट-बर्मुड्याचाही उल्लेख होता, म्हणजे पुरुषही त्यात आले. ओरड झाली आणि फलक लगेच उतरले. देवस्थानानं काही शिस्त मागू नये असं माझं म्हणणं नाही. आमच्या नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये डोकं झाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पण तिथं मंत्रीही रुमाल बांधतो आणि कॉलेजातला पोरगाही, आणि झाकलेलं डोकं बाईचं की बाप्याचं यावरून कोणाचं चारित्र्य ठरत नाही. त्या रुमालाचा मला कधी राग आला नाही. तुळजापूरच्या फलकाचा आला, आणि त्याचं कारण त्याच देवीच्या कथेत आहे. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती मंदाकिनीच्या काठी तप करत होती. कुकुर नावाच्या दैत्यानं तिच्यावर हात टाकला. तिनं धावा केला तशी देवी तातडीनं धावून आली आणि दैत्याला मारलं. पुजाऱ्यांकडून, गोंधळ्यांकडून ही कथा मी किती वेळा ऐकली असेल. अनुभूती त्या दिवशी काय नेसली होती, हे एकाही सांगणाऱ्यानं सांगितलेलं नाही. देवीनंही विचारलं नव्हतं.

माहूरची गोष्ट मात्र अंगावर येते. गडावर रेणुकेचा शेंदरी मुखवटा आहे, नुसता मुखवटा. बाहेर खलबत्त्यात तांबूल कुटला जात असतो. ठणठण आवाज, कात आणि विड्याच्या पानाचा ओला वास. प्रसाद म्हणून तो लाल चुरा हातावर पडतो आणि दिवसभर बोटं रंगलेली राहतात. या रेणुकेचा अपराध काय? पाणी आणायला नदीवर गेली असता जलक्रीडा करणाऱ्या राजाकडं तिची नजर गेली आणि क्षणभर मन हललं. बस. जमदग्नींनी आज्ञा केली, परशुरामानं आईचं शिर उतरवलं. पुढं वर मागून तिला परत उठवलं वगैरे सगळं येतं. माहूरला मुखवटाच का, याचीही कथा आहे. आई जमिनीतून वर येणार होती, तोवर मागं वळून बघायचं नव्हतं. परशुरामाला धीर धरवला नाही. त्यानं बघितलं, आणि ती गळ्यापर्यंतच वर आली.

म्हणजे तिनं बघितलं तेव्हा शिक्षा तिला झाली, आणि त्यानं बघितलं तेव्हाही अधुरी राहिली ती तीच.

रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या पुस्तकात शिर नसलेल्या, विवस्त्र मातृदेवतेचा माग काढत तो रेणुकेपर्यंत आणून सोडला आहे. तेरच्या संग्रहालयात अशा मूर्ती आहेत, तळहाताएवढ्या. त्यांची पूजा करणाऱ्यांना त्यांच्या उघडेपणात लाजण्यासारखं काही दिसलं नसावं. ती नावातली लाज पुढं कोणीतरी चिकटवली असणार, असं माझं आपलं मत.

झाकण्याचा हक्कही मागावा लागला होता, हे विसरून चालत नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. दुरूनच जात ओळखू येते असे दागिने टाका, लुगडं वरच्या जातींच्या बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते मनावर घेतलं आणि लगेच नेसण्याची तऱ्हा बदलली. त्याआधी तिकडं त्रावणकोरमध्ये नाडार बायकांना छाती झाकता यावी म्हणून कित्येक वर्षं मार खावा लागला. १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली तेव्हा कुठं परवानगी मिळाली. आणि उलट्या बाजूनं, दलित बाईचं वस्त्र फेडून धिंड काढणं ही शिक्षा म्हणून इतकी सर्रास होती, की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा वेगळा लिहावा लागला. तेव्हा स्लीव्हलेस घालणाऱ्या लातूरच्या मुलीला कोणी महाडचा दाखला देऊन "बघा, त्यांनी अंग झाकायला सांगितलं होतं" म्हणत असेल, तर त्याला महाड कळलेलं नाही. तिथल्या बायका लुगडं खाली ओढत होत्या आणि इथली मुलगी बाही वर नेते. दोघींच्या हाताला धरणारा तोच आहे, आणि त्याचं म्हणणंही तेच: मला विचारल्याशिवाय नाही.

कोर्टाकडं वळलं की वाटतं इथं तरी कपड्याचा गुंता सुटेल. नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल आठवत असेल. पेरू देतो म्हणून एका माणसानं बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलं होतं. हात कपड्यावरून लागला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून हा पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नव्हे, असं त्या निकालाचं म्हणणं होतं. तोवर कपडे कमी म्हणून बाईला दोष दिलेला ऐकला होता. इथं कपडा होता म्हणून माणसाला सूट मिळाली. सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी जनरलनी विचारलं, मग हातमोजे घालून असं करणाऱ्याचं काय? १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ७४ ते ७९ या कलमांत विनयभंग, वस्त्र फेडणं, चोरून पाहणं, पाठलाग, अश्लील बोलणं-हातवारे सगळं आहे. त्यांत एक शब्दही तिनं काय घातलं होतं याबद्दल नाही. तो शब्द पोलीस ठाण्याच्या बाकावर, पाहुण्यांच्या ओसरीवर आणि मोठ्या माणसांच्या भाषणात येतो. जानेवारी २०१४ मध्ये नागपुरातच राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या एका सदस्य बाईंनी बायकांचे कपडे आणि वागणं याला बोल लावला होता. पुढं त्यांनी माफी मागितली. २०११ मध्ये टोरांटोच्या एका पोलिसाच्या अशाच बोलण्यावरून मोर्चे निघाले, त्यांची लाट जुलैअखेर दिल्लीत ‘बेशर्मी मोर्चा’ म्हणून आली. २०१८ मध्ये ब्रुसेल्सला, अत्याचार झाला तेव्हा अंगावर कोणते कपडे होते याचं प्रदर्शन भरलं होतं: पायजमे, ट्रॅकसूट, साधे झगे, आणि एका लहान मुलीचा कार्टूनचा शर्ट. मला त्या प्रदर्शनात आमच्याकडचा एक नवऱ्याचा फुल शर्ट टांगलेला बघायला आवडलं असतं.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लातूर-नांदेड गाडीत बायकांची गर्दी दुपटीनं वाढल्यासारखी वाटते. माहेर, दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, आणि काही जणी नुसत्या फिरायला. मला ही गर्दी फार आवडते. तिच्यात एक गोष्ट मात्र जुनीच आहे: बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. माझ्या आईच्या हातात असायची, माझ्या आहे. पदर ब्लाउजला टाचायला ती लागते, आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी गच्च भरली की दुसऱ्या कामालाही लागते. मागून येणाऱ्या हाताला ती टोचली की हात निघून जातो, तोंडातून शब्द निघत नाही, कारण ओरडायचं तर कशाबद्दल ते सांगावं लागेल. बायका हे एकमेकींना शिकवत नाहीत. कोणीतरी फक्त पिन देतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायका ट्राममध्ये असंच करायच्या, टोपीला लावायच्या लांब पिनेनं. मग १९१० मध्ये शिकागोनं नियम केला की टोपीबाहेर पिनेचं टोक फार आलं तर दंड. नगरसेवकांनी पिनेची लांबी मोजली. हाताची मोजायचं राहून गेलं.

मागच्या दिवाळीच्या आधी भावाचा फोन आला. तो गावाकडं खता-बियाणांचं दुकान चालवतो, मला अक्का म्हणतो. भाचीनं मैत्रिणीच्या वाढदिवसाला जीन्स आणि बिनबाह्यांचा टॉप घातला होता, तो फोटो कोणाच्या तरी स्टेटसला लागला आणि फिरत फिरत दुकानात पोचला. "अक्का, तू तिथं असून हे काय? माझा तिच्यावर भरोसा आहे गं. लोकांवर नाही." हे शेवटचं वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक बापाला पाठ असतं. त्याच्या भीतीला मी हसत नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला तेव्हा भाची प्राथमिक शाळेत होती, आणि त्या सप्टेंबरात लातूरला मूक मोर्चा निघाला त्यात हा गेला होता. तिथं काळे कपडे घातलेल्या पोरी पुढं होत्या, बापे मागं. परत आल्यावर आठवडाभर तो धड बोलला नव्हता. त्या मोर्च्यांच्या इतर मागण्यांवर आम्हा दोघांचं कधी जमलं नाही, पण त्या दिवशी त्यानं जे पाहिलं ते खरं होतं.

मी म्हटलं, तुझा मुलगा लातूरला आहे ना, नीटच्या क्लासला? त्याला विचार, संध्याकाळी पोरींची बॅच सुटते तेव्हा तू कुठं असतोस.

भाची शेजारीच होती. तिनं माझ्या हातातून फोन घेऊन आपल्या भावालाही कॉलमध्ये ओढलं. पोरगं बिचारं मेसमध्ये जेवत होतं. बापानं विचारलं. "चहा प्यायला असतो बाबा." कुठं? "कोपऱ्यावर. सगळेच असतात तिथं." आणि पोरी जाताना काय करता? "काहीच नाही, खरंच. नुसतं बघतो."

"मला कोपऱ्यावर असंच नुसतं बघायचे दोन वर्षं," भाची म्हणाली. "मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. लायब्ररीला लांबून वळसा घालून जायचे. रोज पंधरा मिनिटं जास्त."

बाप काही वेळ बोलला नाही, मग गुरकावला, "उद्यापासून चहा मेसमध्ये प्यायचा." पोरगं हो म्हणालं आणि फोन ठेवून मोकळं झालं. जीन्सचा विषय भावानं काढला नाही. दिवाळीला कधी येतेस, तेवढं लेकीला विचारलं.

"एक कमी झाला," ती मला म्हणाली. "बाकीच्यांच्या बापांचे नंबर आहेत का गं तुझ्याकडं?"